सलाफहादाची पाचवी मुलगी

या, असे पुढे सरका सगळे. पंख्याचा वारा या बाकापर्यंतच येतो, आणि माझा आवाजही आता याच्यापलीकडे पोचत नाही. मी तुम्हाला अर्झुला बिनफर्डची गोष्ट सांगते. तुमच्या आयांनी ती तुम्हाला सांगितली असेल, पण त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत मी भली बाई असते. आज खरी ऐका.

आमची हॅरेल काउंटी तेव्हाही जॉर्जियात अशीच कोपऱ्यात पडलेली होती आणि माउंट निबोचं हे चर्च तेव्हा लाकडी होतं. साल एकोणीसशे बासष्ट. रेव्हरंड अमॉस क्विलर आमचे पाळक. त्यांचा उपदेश ज्यांनी ऐकला नाही त्यांची मला मनापासून कीव येते. सुरुवातीला ते शाळामास्तरासारखे बोलत. वचन वाचत, चष्मा पुसत, उगाच घसा खाकरत. पाहुण्या माणसाला वाटे, एवढंच होय? मग कुठेतरी एखादा शब्द जरासा लांबे. पुढच्या वाक्यात दुसरा लांबे. बघता बघता बोलण्याला चाल लागे, श्वासाला ठेका येई, आणि मोशे, फारो, तांबडा समुद्र सगळं सुरात बुडून वर येई. मी आयुष्यात दोनदा पोटभर सुख पाहिलं. एक, माझी लेक झाली तेव्हा. आणि दुसरं, दर रविवारी साडेबारा वाजता.

पण त्या चढणीवर पाळक एकटा जाऊ शकत नाही. खालून कोणीतरी झील धरावी लागते. "बोला, रेव्हरंड", "हो, प्रभू", "आता थांबू नका", असं नेमक्या जागी, नेमक्या उंचीवर टाकावं लागतं, म्हणजे त्यावर पाय देऊन ते वरच्या पायरीवर जातात. एकोणीस वर्षं ती झील मी धरली. डावीकडचा दुसरा बाक, ओझेला ट्रॅपनेल. नवऱ्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, तेव्हाही मी तिथेच होते. लोक म्हणत, क्विलरांचा उपदेश अर्धा ओझेलाचा असतो. मी म्हणे, छे गं, काहीतरीच. आणि घरी येऊन ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवे.

अर्झुला मेकन शहराहून आली. रेल्वेच्या फाटकाजवळ तिने केसांचं दुकान काढलं, बायकांचे केस धुऊन-वळवून द्यायचं. नवरा कुठे होता कोणी विचारलं नाही, म्हणजे माझ्याखेरीज कोणी विचारलं नाही. तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या आपल्याच काळ्या बायका, डोक्यावर एकही गोरा मालक नाही. म्हणून मतदार यादीत नाव कसं घालायचं ते शिकवणारा वर्ग चर्चने तिच्याकडे दिला. माझ्यासारखीला तो देता आला नसता. मी बँकवाल्या गोऱ्या साहेबाच्या घरच्या कपड्यांना इस्त्री करत असे. वर्ग घेतला असता तर त्याच संध्याकाळी कपड्यांची टोपली परत गेली असती आणि काम संपलं असतं. हे सगळं मला कळत होतं. कळल्याने माझं दुखणं थांबलं नाही.

बुधवारची प्रार्थनासभा माझी होती आणि मंगळवारचा वर्ग तिचा. बुधवारी दहा-बाराजणी येत आणि त्यातल्या चौघी पेंगत. मंगळवारी खुर्च्या पुरत नसत. गुडघेदुखीने कण्हणाऱ्या म्हाताऱ्या, नोंदणीच्या वेळी वाचून दाखवावे लागत ते राज्यघटनेचे उतारे मांडीवर घेऊन बसत, शब्दाखाली बोट ठेवून वाचत आणि एकेक ओळ सुटली की पोरींसारख्या खिदळत. मीही जायची. मागे बसायची. तिने उच्चारात कुठे चूक केली तर ती मनात जपून ठेवायची.

ऑगस्टच्या एका रविवारी रेव्हरंडांनी सलाफहादाच्या मुलींवर उपदेश केला. बाप मेला, भाऊ नाही, वाटणीत जमीन मिळेना, तेव्हा त्या पाची बहिणी मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या सरदारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमचा वाटा द्या. दगड उचलला नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं मागितलं. आणि देव मोशेला म्हणाला, मुली म्हणतात ते बरोबर आहे. रेव्हरंड ती नावं गाऊ लागले, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, आणि प्रत्येक नावाला सूर एक घर वर. अंगावर काटा आला माझ्या. मी श्वास घेतला, पुढची झील टाकायला.

मी श्वास घेत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "उभ्या राहिल्या!"

अर्झुला. खर्जातला, भरलेला आवाज. रेव्हरंड थबकले, आणि तिच्याकडे वळून सुरातच विचारलं, कोण उभ्या राहिल्या? ती म्हणाली, पाची जणी. ते म्हणाले, कुणापुढे? ती म्हणाली, सगळ्यांपुढे. आणि तिथून पुढे तो उपदेश त्या दोघांचा झाला. चर्च पायांवर उभं होतं, लोक रडत होते, सुईण मर्टिसची टोपी उडाली. असा उपदेश त्या लाकडी छताखाली ना आधी झाला ना नंतर. आणि मी, जी सुरावर जीव टाकते, ती तोंड मिटून बसले होते. एकोणीस वर्षांत त्यांनी मला एकदाही प्रश्न विचारला नव्हता.

सोमवारी बँकवाल्याच्या सदऱ्याची कॉलर जाळली मी.

पुढच्या रविवारी रेव्हरंडांनी जाहीर केलं की सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी आपल्या पाच बायका न्यायालयात जाऊन नावनोंदणी मागतील, सलाफहादाच्या मुलींसारख्या. आपल्या माणसांपैकी कोणी त्या पायऱ्या नोंदणीसाठी चढलं त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हा जो चढला त्याचं घर उरलं नाही. रेव्हरंडांनी नावं वाचली. पहिली अर्झुला. मग गॅडी बहिणी दोघी. मग मर्टिस. आणि पाचवी ओझेला ट्रॅपनेल.

पाचवी. अर्झुलाहून मी चौदा वर्षांनी मोठी, आणि ती महला, मी तिरसा! इस्त्रीची टोपली जाईल, घरावर दगड येतील, याचं भय वाटायला हवं होतं. मला वाटलं ते एवढंच, की ती पुढे चालेल आणि मी शेपटाला. पण पाचांतली जागा मी सोडणार नव्हते. ती गेली तर माझ्यापाशी काहीच उरलं नसतं.

जाण्याआधी सराव असे. तुम्हाला आता ते विचित्र वाटेल. दर गुरुवारी पाच वाजता तळघरातल्या खोलीत खुर्च्यांची रांग लावायची. ती न्यायालयाची रांग. एकजण कारकून होई, एकजण पोलीस होई आणि रांगेतल्यांना वाटेल ते बोले, ढकले, अंगावर पाणी ओते, कारण तिथे याहून वाईट होणार होतं. रांगेतल्याने हात मांडीवर ठेवून बसायचं. उत्तर द्यायचं नाही, डोळे खाली घालायचे नाहीत. पोलिसाने खरं मारायचं नाही, नुसता हात उगारायचा. आणि एक नियम रेव्हरंड दर वेळी सांगत. ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्याने यायचं नाही. एकीचा हात उठला तर त्यांना हवं ते निमित्त मिळेल, आणि दंडुके पाचींच्या पाठीवर पडतील. न्याय मागायला जाताना आपल्याकडे लाजिरवाणं काही असता कामा नये, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या गुरुवारी पोलीस मी झाले. माझा आवाज मोठा म्हणून. रांगेत पहिल्या खुर्चीवर अर्झुला.

सुरुवात ठरल्यासारखी केली. कोणी बोलावलं तुला इथे, चालती हो, वाचता येतं का तुला. बायका हसल्या. मोठी गॅडी म्हणाली, "बघा बाई, हिला तर बिल्लाच शोभेल." मला चेव चढला. मग मी तिला म्हणाले की तुझ्या नवऱ्याने तुला टाकलं. मग म्हणाले की मेकनला कोणी विचारेना म्हणून इथे आलीस. बायका अजून हसत होत्या, त्यांना वाटलं, काय अभिनय करते ही. अर्झुला माझ्या डोळ्यांत बघत होती. हात मांडीवर.

"दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसायची सवयच आहे तुला," मी म्हणाले.

हे वाक्य कुठला पोलीस बोलेल? मर्टिसचं हसणं तिथे थांबलं. पण माझं बोलणं थांबलं नाही आणि बोलण्यामागून हात गेला. मी तिचे केस मुठीत धरले, खुर्चीवरून खेचली आणि दुसऱ्या हाताने थोबाडीत मारली. ओठ फुटला तिचा. ती जमिनीवर गुडघ्यांवर होती, आणि देवाशपथ सांगते, तिथेही तिने हात मांडीवर जुळवून ठेवले होते.

रेव्हरंड म्हणाले, पुरे. मग त्यांनी मला विचारलं, "सिस्टर ओझेला, हा मार पोलिसाचा होता की तुझा?"

"पोलिसाचा," मी म्हणाले.

त्यांनी अर्झुलाकडे पाहिलं. तिने रुमालाने ओठ पुसला आणि उठून खुर्चीवर बसली. "पोलिसाचाच होता, रेव्हरंड. पुढे चालू दे."

तिने मला वाचवलं. आणि मी तिचा आणखी राग केला. एवढं चांगलं असायचा अधिकार तिला कोणी दिला, असं मला घरी जाताना वाटत होतं. माझ्या बोटांना तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. दोनदा हात धुतले.

त्या रविवारी मी झील धरली नाही. म्हटलं, बघू या. रेव्हरंड चढायला लागले, पहिली पायरी, दुसरी, आणि पाय ठेवायला काही नाही. विहिरीत पोहरा सोडावा आणि तळाला नुसता खडखडाट व्हावा तसं झालं. मी मान वळवून मागे बघितलं. अर्झुलाही गप्प होती. ती माझ्याकडे बघत होती, वाट बघत होती, ती जागा माझी म्हणून. मी ओठ आवळले. उपदेश तसाच बोलता बोलता संपला, पानं मिटल्यासारखा. आमच्यात त्याहून मोठं पाप मी जाणत नाही.

मग तो सोमवार. सकाळी साडेसातला आम्ही पाचजणी चांगले कपडे घालून चर्चमध्ये उभ्या राहिलो. निघण्याआधी दानाचं तबक फिरवायचं ठरलं होतं. पण त्यात टाकायचं ते खिशातलं टोकदार, धारदार सगळं. चाकू, कात्री, नखांची कानस, टोपीची पिन. झडतीत काही सापडता कामा नये. गॅडी बहिणींनी पिना टाकल्या. मर्टिसने पिशवीतून सुइणीची कात्री काढली. ती घेतल्याशिवाय तिला कुठेच जाता येत नसे. हशा पिकला थोडा.

तबक अर्झुलासमोर आलं. ती केसांची बाई, तिचे केस नेहमी कसे, एखादा मुकुट असावा तसे. तिने एकेक आकडा काढायला सुरुवात केली, लांब दांड्याची फणी काढली, आणि केस उतरले. कानाच्या मागे, डाव्या बाजूला, डॉलरच्या नाण्याएवढी जागा नुसत्या कातडीची होती. लाल, खपली धरलेली. अकरा दिवस तिने ती आकड्यांखाली झाकली होती, बाकीच्यांपासून, आणि मला वाटतं माझ्यापासूनही. तिने काही दाखवलं नाही. रुमाल काढला, डोक्याला बांधला, आणि तबक माझ्याकडे सरकवलं.

मी टोपीची पिन टाकली. रेव्हरंड तबक घेऊन वळले.

"माझं एक राहिलंय," मी म्हणाले.

ते थांबले.

"गुरुवारचा तो मार पोलिसाचा नव्हता. माझा होता."

गॅडी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. रेव्हरंडांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आज तो हात कसा आहे?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले. "ठाऊक असतं तर बोलले नसते."

"मग आज तू यायचं नाहीस."

मला वाटलं होतं कबूल केल्यावर कोणी जवळ घेईल. कोणी घेतलं नाही. वेळ नव्हता. एक जागा रिकामी झाली होती आणि पाचजणी येणार असा शब्द दिलेला होता. तेवढ्यात पुढच्या बाकावरून, निरोप द्यायला आलेल्या मदर डेल्फिया उठल्या, चर्चमधल्या सगळ्यांत वडील बाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काठी टेकत. "मी आहे की," त्या म्हणाल्या. "मला मारून कोणाला काय मिळणार, नुसती हाडं लागतील हाताला." काठीला हत्यार म्हणतील म्हणून ती त्यांनी माझ्या हातात दिली, अर्झुलाचा दंड धरला, आणि माझी तिरसा होऊन त्या दारातून बाहेर गेल्या.

मागे राहील तिने त्या परत येईपर्यंत गात राहायचं, असं ठरलं होतं. मी एकटी गात बसले. बाकं, पंखे, आणि मी. गाता गाता मनात आलं, तिथे अर्झुलाला एकदाच राग यावा. एकदाच तिचा हात उठावा. म्हणजे आम्ही सारख्या होऊ. हे मनात आलं आणि मी स्वतःच्याच आवाजाने दचकले, कारण तोंडाने मी त्याच वेळी प्रभूच्या दयेचं गाणं म्हणत होते. मग मी मोठ्याने गायले. मनात जे बोललं जात होतं ते ऐकू येऊ नये इतक्या मोठ्याने. दुपारपर्यंत घसा बसला, तरी कुजबुजत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मी झील धरली ती कोणाला ऐकू जाण्यासाठी नव्हे.

साडेचारला त्या परतल्या. पाचीच्या पाची, आपल्या पायांवर. उन्हात आठ तास उभं केलं होतं. कचेरी कधी जेवायला बंद, कधी कागद संपले, कधी साहेब नाहीत. एकट्या मदर डेल्फिया खिडकीपर्यंत पोचल्या, तर त्यांना सांगितलं, पुढच्या सोमवारी या. पायऱ्यांवर एका माणसाने अर्झुलाला मारलं होतं. गाल सुजून डोळा बारीक झाला होता. ती जागची हलली नाही, असं मर्टिसने सांगितलं, हात असे, पोटाशी.

मी पाणी घेऊन गेले. तिने प्याला घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्याइतका जड नव्हता गं त्याचा हात."

बायका हसल्या, आणि तीही, सुजलेल्या गालाने जमेल तेवढी. मी हसले नाही. मी तिथे तबकाशेजारी बसले आणि म्हणाले, मला शिकव. तुझ्यापुढे त्या खुर्चीवर मला बसव.

तिने बसवलं. गुरुवारमागून गुरुवार. पोलीस ती, रांगेत मी. माझं सगळं तिला माहीत होतं, केसांच्या दुकानात काय कळत नाही? एकदा ती माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या उपदेशाला टेकू देतेस. स्वतःचं असं काय बोललीस आजवर?" माझी मूठ वळली. मी ती मांडीवर उघडली, एकेक बोट सोडवत. ते वाक्य पोलिसाचं होतं की तिचं, मी कधी विचारलं नाही. तो प्रश्न विचारायचा माझा हक्क मीच घालवला होता.

ख्रिसमसच्या आधी रेव्हरंडांनी मला रांगेत घेतलं. इस्त्रीची टोपली त्याच संध्याकाळी गेली. बारा सोमवार गेले, आणि पुढच्या वसंतात माझं नाव यादीत लागलं, हॅरेल काउंटीत आपल्या बायकांमधलं तिसरं. अर्झुलाचं लागलं नाही. उतारा तिने माझ्याहून स्वच्छ वाचला, अर्थ माझ्याहून चांगला सांगितला, पण तिला त्यांनी ओळखलं होतं. दर सोमवारी नवं कारण. मग दुकानाचा परवाना रद्द झाला, भाडं वाढलं, आणि शेवटी ती डेट्रॉइटला बहिणीकडे निघून गेली. जाताना मला म्हणाली, मंगळवारचा वर्ग आता तू घे. घेतला मी, बावीस वर्षं. तिच्याइतक्या खुर्च्या माझ्या वर्गाला कधी लागल्या नाहीत.

खरं सांगायचं कबूल केलंय, तर हेही ऐका. मला तिचा हेवा अजून वाटतो. देवाकडे मागून पाहिलं, तो जात नाही. फक्त आता तो हातात उतरत नाही, एवढं देवाने केलं. तिच्या मरणाची चिठ्ठी आली तेव्हाही पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता ती माझ्याही आधी त्याच्यापाशी पोचली. दुःख नंतर आलं. पण आलं, आणि राहिलं.

परवा मंगळवारी तुमच्यातले अठराजण पहिल्यांदा मत द्यायला जाल. तुम्हाला कोणी उतारा वाचायला लावणार नाही, तासभरही उभं राहावं लागणार नाही. माझी आठवण काढू नका, माझं नाव त्या यादीत आहे. तुम्ही पडद्यामागे जाल, कागदावर खूण कराल, तेव्हा एका बाईचं नाव ओठांवर घ्या, जिचं नाव या काउंटीने कधी लिहून घेतलं नाही. अर्झुला बिनफर्ड. मोठ्याने म्हटलं तरी चालेल.